स्थूलतेवर शस्त्राचा इलाज

लठ्ठ माणूस हा विनोदाचा हुकमी विषय आहे. नाटकांत तो रंगभूमीवर आला कीं, त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच प्रेक्षागृहांत हंशा पिकतो. व्यंगचित्रकाराला त्याचें पोट काढण्यास दोन रेषा पुरतात. आणि लग्नाच्या पंगतींत त्याच्या पानावर जिलबी वाढतांना वाढपी आजूबाजूच्या मंडळींकडे हंसून पाहतो. या सर्व थट्टेच्या मुळाशीं एक ठाम समजूत असते. ती अशी कीं, लठ्ठ माणूस हा जिभेचा गुलाम आहे. त्यानें मनावर घेऊन तोंडाला आवर घातला आणि रोज चार पावलें अधिक टाकलीं, तर त्याचा मेद झडून जाईल. घरांतील वडीलधारीं माणसें हेंच सांगतात, शेजारीपाजारी हेंच सांगतात, आणि पुष्कळदां डॉक्टरही औषधाच्या चिठ्ठीवर ‘वजन कमी करा’ एवढे तीन शब्द लिहून मोकळे होतात.

ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. जें अन्न पोटांत गेलेंच नाहीं त्याचा मेद होत नाहीं, हें निर्विवाद आहे. परंतु ती अपुरी आहे. आणि तिचा अपुरेपणा दाखवून देण्याचें काम, ज्या शास्त्राकडून त्याची कोणीं अपेक्षा केली नव्हती, त्या शल्यविद्येनें केलें. गेल्या सत्तर वर्षांत अतिस्थूल माणसांच्या जठरावर आणि आंतड्यांवर ज्या शस्त्रक्रिया करण्यांत आल्या, त्यांना एकत्रितपणें ‘बॅरिॲट्रिक सर्जरी’ म्हणतात. वजन या अर्थाच्या ‘बारोस’ या ग्रीक शब्दावरून हें नांव पडलें आहे. या शस्त्रक्रियांचा मूळ हेतु केवळ वजन उतरविणें हा होता. पण त्यांच्या बऱ्यावाईट परिणामांचा अभ्यास करतां करतां, भूक म्हणजे काय, ती कोठें उपजते, आणि एकदां चढलेलें वजन शरीर इतक्या हट्टानें कां राखून ठेवतें, या प्रश्नांवर अनपेक्षित प्रकाश पडला.

प्रथम, कोणत्या स्थूलतेविषयीं हें बोलणें चाललें आहे तें स्पष्ट केलें पाहिजे. चाळिशीनंतर पोट किंचित् सुटणें निराळें, आणि चालतांना धाप लागून, गुडघे दुखून, झोपेंत श्वास अडकून माणूस जेरीस येणें निराळें. वैद्यकांत याचें माप सोपें आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो अंक येतो, त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे देहभारांक म्हणतात. हें सूत्र एकोणिसाव्या शतकांतील बेल्जियन गणिती अडॉल्फ केतले यांचें आहे. सवापांच फूट उंचीच्या, म्हणजे १ मीटर ६० सेंटिमीटर भरणाऱ्या माणसाचें वजन ९० किलो असेल, तर त्याचा अंक सुमारें ३५ होतो. १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें असें ठरविलें कीं, हा अंक ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ च्या वर असून जोडीला मधुमेहासारखा गंभीर विकार असेल, तरच शस्त्राचा विचार करावा. हा दंडक तीस वर्षें चालला.

या विद्येचा आरंभ मात्र फारसा शुभ झाला नाहीं. लहान आंतड्याच्या कोणत्या भागांत अन्नाचा कोणता अंश शोषला जातो, हें पाहण्यासाठीं मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनीं कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १९५४ सालीं ते प्रसिद्ध केले. त्यावरून एक युक्ति सुचली. अन्न शोषून घेणारा आंतड्याचा बहुतेक भाग वगळून, त्याचें आरंभीचें टोंक शेवटच्या भागाला जोडलें, तर माणसानें कितीही खाल्लें तरी त्यांतील थोडेंच अंगीं लागेल. त्याप्रमाणें शस्त्रक्रिया होऊं लागल्या. वजन उतरलें, आणि तें पुष्कळच उतरलें. पण त्याबरोबर अखंड ढाळ, मूतखडे, जीवनसत्त्वांचा व क्षारांचा दुष्काळ, आणि कित्येकांच्या बाबतींत यकृताचा घातक बिघाड हीं संकटेंही आलीं. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळजवळ टाकून देण्यांत आली, आणि ज्यांच्यावर ती आधीं झाली होती त्यांपैकीं अनेकांचें आंतडें पुन्हां पूर्ववत् जोडावें लागलें. जो उपाय वजनाचा कांटा खालीं आणतो तो रोग्याचें कल्याण करतोच असें नाहीं, हा धडा शल्यविद्येनें रोग्यांच्या खर्चानें शिकून घेतला.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांना दिसली. त्या काळीं जठरव्रणावर उपाय म्हणून जठराचा कांहीं भाग कापून काढीत असत. अशा शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः स्त्रियांचें, वजन घटतें आणि तें सहसा पुन्हां वाढत नाहीं, ही गोष्ट मेसन यांच्या लक्षांत आली. जठरव्रणाच्या रोग्याच्या दृष्टीनें हा तोटा होता; पण एकाचा तोटा तो दुसऱ्याचा लाभ कां होऊं नये, असा विचार त्यांनीं केला. १९६६ सालीं चिकाशी इटो यांच्या साह्यानें त्यांनीं अतिस्थूल रोग्यावर ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही शस्त्रक्रिया केली. तिच्यांत पुढें अनेकांनीं सुधारणा केल्या, आणि १९९० नंतर ती पोट न फाडतां, चारपांच लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्यानें होऊं लागली.

आज या बायपासचें स्वरूप असें आहे. जठराच्या वरच्या टोंकाशीं अंड्याएवढी, साधारण दोन मोठे चमचे द्रव मावेल इतकी, एक पिशवी वेगळी काढतात. बाकीचें जठर शरीरांतच राहतें, पण अन्न त्यांत जात नाहीं. मग लहान आंतडें कांहीं अंतरावर कापून त्याचें खालचें टोंक वर आणून या पिशवीला जोडतात. उरलेल्या जठराचे, यकृताचे आणि स्वादुपिंडाचे रस वाहून आणणारें दुसरें टोंक बरेंच खालीं आंतड्याला मिळतें. रोमन लिपींतील ‘वाय’ या अक्षरासारखी ही जोडणी होते. तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ करणाऱ्या सेझार रू या स्विस शल्यविशारदाचें नांव आहे. दुसरी शस्त्रक्रिया याहून सोपी. तिच्यांत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी शिल्लक ठेवतात. तिला ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’ म्हणतात, आणि सध्यां जगांत सर्वांत अधिक प्रमाणावर होते ती हीच. जठराच्या वरच्या भागाला पट्टा आंवळून बसविण्याची तिसरी रीत मध्यंतरी फार लोकप्रिय झाली होती. पण पट्टा सरकणें, रुतणें आणि वजन पुन्हां चढणें यांमुळें तो काढून टाकण्याचीच पाळी वारंवार येऊं लागली, आणि ती रीत मागें पडली.

पिशवी लहान झाली, म्हणून अन्न कमी गेलें, म्हणून वजन उतरलें, असें याचें स्पष्टीकरण प्रारंभीं सर्वांनाच पुरेसें वाटत होतें. त्याला पहिला मोठा धक्का मधुमेहानें दिला. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत ग्रीनव्हिल येथें वॉल्टर पोरीज आणि त्यांचे सहकारी बायपास करीत असत. १९९५ सालीं त्यांनीं ६०८ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १४६ जण प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहानें आजारी होते, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांतील १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत झाली. हें कोणाच्या स्वप्नांत तरी आलें होतें काय, अशा अर्थाचा आश्चर्योद्गार त्यांनीं निबंधाच्या मथळ्यांतच काढला होता. त्याहून विस्मयकारक गोष्ट ही कीं, अनेकांची साखर शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, म्हणजे वजन फारसें उतरण्यापूर्वींच, उतरूं लागली. पहिल्या दिवसांतील जवळजवळ उपासासारखा आहार आणि त्यामुळें यकृतांतील घटलेली चरबी हें त्याचें एक कारण खरें. पण तेवढ्यानें सगळें उलगडत नव्हतें. आंतड्याचा मार्ग बदलल्याबरोबर शरीराच्या कारभारांत दुसरेंही कांहीं तरी बदलत होतें.

तें काय, हें अंतःस्रावांच्या, म्हणजे हॉर्मोनांच्या, अभ्यासानें उलगडूं लागलें. जठर ही केवळ अन्न सांठविण्याची पिशवी नाहीं आणि आंतडें ही केवळ तें वाहून नेणारी नळी नाहीं. दोन्ही मेंदूला सतत निरोप पाठवीत असतात. १९९९ सालीं जपानमधील कोजिमा व कांगावा या संशोधकांनीं जठरांतून स्रवणारें ‘घ्रेलिन’ नांवाचें द्रव्य शोधून काढलें. जेवणाची वेळ जवळ आली कीं रक्तांत तें वाढतें, मेंदूला भुकेची वर्दी देतें, आणि जेवण झाल्यावर ओसरतें. उलट ‘जीएलपी-१’ हें द्रव्य आंतड्यांतून येतें. अन्न आंत पोंचलें कीं तें वाढतें, स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवितें, जठर रिकामें होण्याचा वेग मंदावतें आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देतें.

आतां, उपास करून वजन उतरविणाऱ्या माणसाच्या शरीरांत काय घडतें तें पाहावें. अमेरिकेंत सिॲटल येथील कमिंग्ज व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं दाखवून दिलें कीं, आहार कमी करून ज्यांनीं आपलें वजन १७ टक्क्यांनीं घटविलें, त्यांच्या रक्तांतील घ्रेलिन २४ टक्क्यांनीं वाढलें होतें. बायपास झालेल्या ज्या थोड्या रोग्यांची त्यांनीं तपासणी केली, त्यांच्यांत मात्र तें अत्यंत कमी होतें. पुढें २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें ५० स्थूल स्त्रीपुरुषांना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवण्यांत आलें. ज्यांनीं तो नेम पाळला त्यांचें वजन सरासरीनें १३ किलोंहून अधिक उतरलें. परंतु भूक वाढविणारीं द्रव्यें अधिक व भूक शमविणारीं द्रव्यें कमी, अशी जी विपरीत स्थिति त्यांच्या रक्तांत उत्पन्न झाली, ती वर्ष लोटल्यावरही निवळली नव्हती, आणि गेलेलें वजन परतूं लागलें होतें.

याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. जो लठ्ठ माणूस चार महिने कडक पथ्य करून पुढें हरतो, तो आळसानें हरतो असें नव्हे. त्याचें शरीर घटलेल्या वजनाला दुष्काळ समजतें आणि त्याविरुद्ध भुकेचें हत्यार रात्रंदिवस उगारून ठेवतें. श्वास कोंडून धरणें कांहीं क्षण प्रत्येकाला साधतें, पण तें जन्मभर साधत नाहीं. तसेंच हें आहे. बायपासमध्यें अन्न लवकर खालच्या आंतड्यांत पोंचल्यामुळें तृप्तीचे निरोप पुष्कळ वाढतात. स्लीव्हमध्यें घ्रेलिन निर्माण करणारा जठराचा भागच बव्हंशीं निघून जातो. म्हणून या रोग्यांना, पिशवी लहान झाल्यामुळें नुसतें बळजबरीनें थांबावें लागतें असें नव्हे. त्यांना खावेंसेंच कमी वाटतें. शस्त्र चालतें तें पोटावर, पण बदल होतो तो भुकेंत.

तथापि वजन उतरलें, साखर उतरली, एवढ्यानें शास्त्राचें समाधान होत नाहीं. शेवटचा प्रश्न आयुष्याचा आहे. इतकी मोठी शस्त्रक्रिया करून घेणारे रोगी तिच्यामुळें अधिक जगतात काय? याचें उत्तर मिळविण्यासाठीं स्वीडनमध्यें १९८७ सालीं एका विशाल अभ्यासाला आरंभ झाला. त्याचे सूत्रधार गोटेनबर्ग येथील लार्स शोस्ट्रॉम हे होते. उत्तम रीत म्हटली म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करावी व अर्ध्यांवर करूं नये. पण त्या काळीं या शस्त्रक्रियांत दगावणाऱ्यांचें प्रमाण इतकें होतें कीं, अशा चिठ्ठ्यांना नीतीच्या दृष्टीनें संमति मिळाली नाहीं. म्हणून शस्त्रक्रिया पत्करणारे २०१० रोगी एका बाजूला, आणि वय, वजन, व्याधि इत्यादि बाबतींत त्यांच्याशीं जुळते असे, नेहमींचे उपचार घेणारे २०३७ रोगी दुसऱ्या बाजूला, अशी योजना करण्यांत आली. दोन्ही गटांवर वर्षानुवर्षें नजर ठेवली गेली.

२००७ सालीं, सरासरी अकरा वर्षांच्या निरीक्षणानंतर, पहिला मोठा निकाल बाहेर आला. नेहमींचे उपचार घेणाऱ्यांचें वजन होतें तेथेंच, दोन टक्के इकडे किंवा तिकडे, राहिलें होतें. बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एकदोन वर्षांत ३२ टक्क्यांनीं उतरून दहा वर्षांनीं २५ टक्क्यांवर स्थिरावलें होतें. मृत्यु पहिल्या गटांत १२९ आणि शस्त्रक्रियेच्या गटांत १०१ झाले होते. वय, लिंग आणि इतर धोके हिशेबांत घेतां मृत्यूचा संभव सुमारें २९ टक्क्यांनीं घटला होता. शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आंत पांच रोगी दगावले होते, हेंही त्याच अहवालांत नमूद आहे. २०२० सालीं याच अभ्यासाचा पुढचा हिशेब प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचें आयुष्य तशाच स्थूल पण शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांपेक्षां मध्यमानानें तीन वर्षांनीं अधिक ठरलें. मात्र सामान्य स्वीडिश जनतेच्या मानानें तें अजूनही साडेपांच वर्षांनीं कमीच होतें. हे दोन्ही आंकडे एकत्र वाचावयास हवेत. या उपायानें आयुष्य वाढतें; पण स्थूलतेनें आधींच केलेलें सर्व नुकसान भरून निघत नाहीं. शिवाय त्या अभ्यासांतील बहुतेक शस्त्रक्रिया आतां मागें पडलेल्या जुन्या पद्धतींच्या होत्या, हेंही लक्षांत ठेवणें जरूर आहे.

मधुमेहाच्या बाबतींतही असाच दुहेरी निकाल मिळतो. स्वीडिश अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीं ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त दिसत होते. पंधरा वर्षांनीं हें प्रमाण ३० टक्क्यांवर आलें. तुलनेच्या गटांत हेच आंकडे अनुक्रमें १६ आणि साडेसहा होते. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १५० मधुमेह्यांवर, या वेळीं खरोखरीच चिठ्ठ्या टाकून, प्रयोग करण्यांत आला. पांच वर्षांनीं साखर ठरविलेल्या मर्यादेच्या आंत आलेले रोगी केवळ औषधांच्या गटांत ५ टक्के, बायपासच्या गटांत २९ टक्के आणि स्लीव्हच्या गटांत २३ टक्के निघाले. म्हणजे शस्त्राची सरशी निःसंशय आहे. परंतु ‘मधुमेह कायमचा गेला’ अशी जाहिरात कोठें वाचनांत आली, तर तिच्यापुढें हे आंकडे ठेवून पाहावेत. अनेकांचा रोग जातो, कांहींचा परत येतो. तरी जितकीं वर्षें साखर आटोक्यांत राहिली, तितकीं वर्षें डोळे, मूत्रपिंडें आणि रक्तवाहिन्या यांची झीज कमी झाली, हा लाभ लहान नव्हे.

आतां या लाभाची किंमत. कुशल हातीं आज या शस्त्रक्रियेंत दगावण्याचा धोका हजारांत एकाच्या आसपास आला आहे. पित्ताशय काढण्यासारख्या नेहमींच्या शस्त्रक्रियेहून तो फारसा निराळा नाहीं. परंतु खरी किंमत पुढें आयुष्यभर द्यावी लागते. आंतड्याचा वरचा भाग वगळला गेल्यामुळें लोह, कॅल्शियम आणि ‘ब-१२’ हें जीवनसत्त्व नीट शोषलें जात नाहीं. त्यांच्या गोळ्या वा इंजेक्शनें कायमचीं मागें लागतात, आणि रक्ताची तपासणी वर्षानुवर्षें चुकवितां येत नाहीं. ज्यांनीं ती चुकविली त्यांना पंडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, क्वचित् मज्जातंतूंचे विकार गांठतात. पहिल्या महिन्यांत सारखी ओकारी होत असेल आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व वेळीं मिळालें नाहीं, तर मेंदूला कायमची इजा पोंचूं शकते. बायपासनंतर गोड पदार्थ एकदम खाल्ला तर घाम, धडधड आणि घेरी यांनीं माणूस हैराण होतो. स्लीव्हनंतर कित्येकांना छातींत जळजळ सुरू होते. वजन झपाट्यानें उतरलें कीं पित्ताशयांत खडे होण्याचा संभव वाढतो.

मनाची बाजूही विसरून चालणार नाहीं. अमेरिकेंतील यूटा राज्यांत बायपास झालेल्या ७,९२५ रोग्यांची तितक्याच स्थूल माणसांशीं तुलना करण्यांत आली. त्यांत एकंदर मृत्यूंचें प्रमाण ४० टक्क्यांनीं कमी भरलें, आणि मधुमेहानें येणारे मृत्यु तर ९२ टक्क्यांनीं घटले. पण अपघात, आत्महत्या अशा, रोगाव्यतिरिक्त कारणांनीं होणारे मृत्यु मात्र ५८ टक्क्यांनीं अधिक निघाले. बायपासनंतर मद्य रक्तांत फार लवकर चढतें, आणि मद्याच्या आहारीं जाणाऱ्यांचें प्रमाण दुसऱ्या वर्षापासून वाढतें, असेंही दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासांत आढळलें आहे. ज्या माणसाला दुःखाच्या वेळीं अन्न हाच विसावा होता, त्याचा तो विसावा शस्त्रानें काढून घेतला जातो. त्याच्या जागीं दुसरें कांहीं चांगलें देण्याचें काम शस्त्र करीत नाहीं. तें घरच्या माणसांचें आणि मनोवैद्याचें काम आहे. म्हणूनच चांगल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वीं आहारतज्ज्ञाची व मानसचिकित्सकाची भेट आवश्यक मानतात.

हे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेंतील आहेत. ते हिंदी शरीराला जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याच्या उत्तरांत पुण्याचा वांटा मोठा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह आपलें छायाचित्र छापून आणलें. दोघेही सडपातळ, दोघांचाही देहभारांक नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! दिसण्यांत कृश आणि आंतून मेदस्वी, असा हा हिंदी देह आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारीं मुलें इंग्लंडमधील मुलांपेक्षां बरींच हलकीं असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानानें कमी नसतो, असेंही याज्ञिक यांच्या संशोधनांत दिसून आलें. म्हणूनच हिंदी माणसाला मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयांत गांठतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनें देशांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचें दाखविलें. या शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदांच्या अमेरिकन व जागतिक संस्थांनीं २०२२ सालीं जुना दंडक बदलला. सर्वांसाठीं ३५, चयापचयाचे विकार असल्यास ३०, आणि आशियाई लोकांसाठीं २७.५, असे नवे अंक त्यांनीं सुचविले. सवापांच फूट उंचीला हा शेवटचा अंक सुमारें ७० किलोंवरच येतो. अर्थात् त्या वजनाच्या प्रत्येक माणसानें शस्त्रक्रियागृहाची वाट धरावी असा याचा अर्थ नाहीं; इतर उपाय करून थकलेल्या रोग्याला केवळ आंकड्यावर बोट ठेवून परत पाठवूं नये, एवढाच आहे.

शस्त्रानें उघड केलेलें भुकेचें रहस्य औषधशास्त्रानेंही उचललें. जीएलपी-१ या आंतड्याच्या निरोपाची नक्कल करणारीं औषधें प्रथम मधुमेहासाठीं निघालीं. पुढें त्यांपैकीं सेमाग्लुटाइड हें औषध आठवड्यांतून एकदां टोंचून घेतल्यास ६८ आठवड्यांत वजन सरासरीनें १५ टक्क्यांच्या जवळ उतरतें, असें २०२१ सालीं सिद्ध झालें. त्यानंतरच्या टिर्झेपटाइडनें २०२२ च्या प्रयोगांत २० टक्क्यांची मजल मारली. आतां ज्यांना शस्त्राची भीति वाटते त्यांच्यापुढें दुसरी वाट आहे. परंतु सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरांत गेलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला, हेंही त्याच संशोधकांनीं नमूद केलें आहे. म्हणजे औषध थांबलें कीं शरीर आपला जुना हट्ट पुन्हां धरतें. शस्त्रक्रिया या हट्टालाच पुष्कळ वर्षें वळण लावते, हा दोहोंतील भेद. कोणता रोगी कोणत्या वाटेनें जावा, हें त्याचें वजन, त्याचे विकार, त्याची ऐपत आणि त्याची चिकाटी पाहूनच ठरवावें लागेल.

अशा रीतीनें या संशोधनाचा मथितार्थ दोन वाक्यांत सांगतां येतो. शस्त्रक्रिया हा स्थूलतेवरील सर्वांत प्रभावी उपाय खरा, पण तो सुटकेचा दाखला नव्हे, जन्माचा करार आहे. आणि तो प्रभावी ठरतो याचें कारण, अतिस्थूलता हा चारित्र्याचा दोष नसून शरीराच्या कारभारांतील बिघाड आहे. पहिलें वाक्य रोग्यानें लक्षांत ठेवावयाचें. शस्त्रक्रियेला संमति देण्यापूर्वीं त्यानें शल्यविशारदाला विचारावें कीं, कोणती शस्त्रक्रिया, आणि तीच कां; पुढें कोणत्या गोळ्या, किती काळ; आणि पांच वर्षांनींही तपासणीसाठीं कोण भेटेल. ज्या ठिकाणीं या प्रश्नांना सरळ उत्तरें मिळत नाहींत, तेथून परत फिरणें शहाणपणाचें.

दुसरें वाक्य मात्र घरांतील इतरांसाठीं आहे. थट्टेनें किंवा धाकानें कोणाच्या रक्तांतील घ्रेलिन उतरल्याचें आजवर कोणीं दाखविलेलें नाहीं. थट्टेनें इतकेंच साधतें कीं, लाजलेला माणूस चोरून खातो आणि डॉक्टरकडे जाण्याचें टाळतो, आणि तोंवर मधुमेह आपलें काम करून चुकलेला असतो. घरांत असें माणूस असेल तर त्याच्या पानाकडे पाहून बोलण्याऐवजीं त्याच्या बरोबर सकाळीं फिरावयास जावें, सर्वांचाच स्वयंपाक थोडा हलका करावा, त्याची साखर आणि रक्तदाब वेळच्या वेळीं तपासून घ्यावा, आणि वजन हाताबाहेर गेलें असेल तर त्याला चांगल्या डॉक्टरकडे न्यावें. एका ताटावर शेजारींशेजारीं बसलेल्या दोन माणसांना एकसारखी भूक लागते, असें आजवर सर्वांनीं धरून चाललें होतें. ती तशी लागत नाहीं, हें आतां प्रयोगांनीं ठरलें आहे. त्याप्रमाणें वागणें तेवढें बाकी आहे.